टेम्प ट्रॅक, की आधीपासून संगीतकार?

संकलन तात्पुरत्या, उसन्या संगीतावर (म्हणजे टेम्प ट्रॅकवर) करायचं की संगीतकाराला आधीपासून बरोबर घ्यायचं, हा निर्णय बहुतेक वेळा कुणी घेतच नाही, तो होऊन जातो. संकलक टाइमलाइनवर दुसऱ्याच कुठल्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत टाकतो, निर्जीव वाटणारा प्रसंग एकदम उभा राहतो, आणि तिथेच टेम्प ट्रॅकचा मार्ग पक्का होतो. दुसरा मार्ग म्हणजे पटकथा हातात असतानाच संगीतकाराला बरोबर घ्यायचं, चित्र नसताना त्याच्याकडून काही तुकडे लिहून घ्यायचे आणि ते तुकडे ऐकत संकलन करायचं. मी पहिला चित्रपट टेम्पवर केला आणि दुसरा या दुसऱ्या रीतीने. दोन चित्रपटांवरून नियम काढणं बरोबर नाही, पण जे अनुभवलं ते सांगतो.

टेम्पची बाजू लंगडी नाही. संगीताविना मुका रफ कट (कच्चं संकलन) पाहून त्यात चित्रपट दिसणारी माणसं फार थोडी असतात आणि निर्माते त्यांत क्वचितच असतात. हातात वेळ थोडा असेल, संगीतकार शेवटी ठरणार असेल, तर टेम्पशिवाय चालतच नाही. शिवाय कधी कधी टेम्पच बरोबर निघतो. दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकने १९६८च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या आपल्या अंतराळपटासाठी संगीतकार ॲलेक्स नॉर्थकडून संगीत करून घेतलं, ते ध्वनिमुद्रितही झालं, पण अखेर चित्रपटात राहिल्या त्या आधीपासून अस्तित्वात असलेल्या अभिजात रचनाच. त्या रचनांशिवाय तो चित्रपट आज कल्पनेतही येत नाही. नॉर्थला मात्र हे कळलं ते तयार चित्रपट पाहताना. टेम्पचा विचार करताना मला कुब्रिकइतकाच तिथे बसलेला नॉर्थही आठवतो.

माझी अडचण वेगळी होती. टेम्पच्या प्रेमात पडू नका, असं सगळे बजावतात आणि तेवढी काळजी मी घेतली होती. पाच आठवडे एक संथ पियानो कानावर पडत असला, तरी मूळ चाल मागायची नाही हे मनाशी ठरलेलं होतं. प्रसंग साधा होता, एक बाई रिकामं घर आवरते आहे, साडेतीन मिनिटं. संगीतकाराने पहिला क्यू, म्हणजे त्या प्रसंगासाठीचा संगीताचा तुकडा, पाठवला. सुंदर होता, पण बसत नव्हता. दुसरा पाठवला, तोही बसेना. तिसऱ्या वेळी मी वाद्यांबद्दल बोलायला लागलो, सेलो कमी करा, सुरुवात उशिरा करा. चौथ्या वेळी त्यांनी मुकी प्रत मागवली, ती एकदा पाहिली आणि विचारलं, “इथे आधी ७२चा टेम्पो होता का?”

मी टेम्प कोणता होता ते त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी ते कटवरून ओळखलं. ७२च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ७२ ठोके असताना, एक ठोका सेकंदाला २४ फ्रेम्सच्या चित्रात बरोबर २० फ्रेम्सचा होतो, चार ठोके ८० फ्रेम्सचे. आमचे जवळपास सगळे कट दर ८० फ्रेम्सच्या आसपास पडले होते. त्यांना तो प्रसंग ६४च्या लयीत ऐकू येत होता. त्या लयीत चार ठोके ९० फ्रेम्सचे, म्हणजे प्रत्येक शॉट सुमारे १० फ्रेम्स आखूड पडणार. मला जे ‘बसत नाही’ म्हणून खटकत होतं, ते एवढंच होतं. आम्ही पियानो टाइमलाइनवरून कधीच काढला होता, पण तो कटांमध्ये शिल्लक होता. पिक्चर लॉक झालेलं (म्हणजे कट कायमचे ठरलेले), संवादाचं आणि आवाजाचं काम पुढे गेलेलं, त्यामुळे कट सोडवणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांनी ७२मध्येच लिहून दिलं. नीट, स्वच्छ, कुणीही नाव ठेवणार नाही असं. मला मात्र तो प्रसंग पाहताना अजूनही खाली तो जुना पियानो ऐकू येतो. एका चांगल्या संगीतकाराला मी अनुकरणाशिवाय दुसरी वाटच ठेवली नाही, याचं वाईट वाटतं.

दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी म्हणून पटकथेचा तिसरा मसुदा थेट संगीतकार बाईंकडे नेला. ही काही नवी युक्ती नाही. दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने १९६८च्याच ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ या आपल्या वेस्टर्नसाठी संगीतकार एन्नियो मोरिकोनेकडून चित्रीकरणाआधी संगीत करून घेतलं होतं आणि ते सेटवर वाजवलं जायचं. आमच्याकडे तेवढी ऐपत नव्हती. सॅम्पल्सवर (संगणकातल्या वाद्यांच्या आवाजांवर) केलेली सात स्केचेस, म्हणजे कच्चे तुकडे, मिळाली, कुठेही नेमकी लांबी नाही.

त्रास इथेही आहे. सातपैकी दोनच शेवटपर्यंत टिकली. सर्वांत सुंदर होतं ते ज्या प्रसंगासाठी लिहिलं होतं, तो प्रसंगच आम्ही काढून टाकला. अशा संगणकी मॉकअपमधली व्हायोलिन्स कृत्रिम वाटतात आणि तेवढी सूट देऊन ऐकण्याची सवय लागायला वेळ जातो. लॉक झाल्यावर बाईंना बरंच काम पुन्हा करावं लागलं, तेव्हा मोबदला ठरवतानाच हे दुहेरी काम धरलं पाहिजे. स्केचच्याही प्रेमात पडता येतंच. पण ते लिहिणारी व्यक्ती शेजारच्या खुर्चीवर असते आणि तुमच्याआधी तीच त्याला कंटाळते.

माझ्या मते खरा फरक संकलनाच्या टेबलावर पडला. स्टेम्स, म्हणजे संगीताचे सुटे थर, वेगळे मिळाल्यामुळे संकलकाला चाल बंद करून नुसता खालचा सूर ठेवता येत होता. एका जागी स्केचमध्येच लांब विराम होता, म्हणून आम्ही नटाचा चेहरा ११ सेकंद धरून ठेवला. टेम्पवर असतो तर पाचव्या सेकंदाला कापला असता, याची मला जवळजवळ खात्री आहे. बोलण्याची रीतही बदलली. ‘असंच काहीतरी’ म्हणून दाखवायला काही नसल्यामुळे स्पॉटिंगला, म्हणजे कुठे संगीत हवं ते ठरवण्याच्या बैठकीत, मला सांगावं लागलं की तो खोटं बोलतोय हे हिला कळलंय, पण प्रेक्षकाला ते तिच्याआधी कळता कामा नये. त्यावर बाई म्हणाल्या, “मग इथे मी नकोच.” तो प्रसंग संगीताविनाच ठेवला.

तुमची मुदत ठरलेली असेल, संगीतकार अजून नक्की नसेल, तर टेम्प वापरा, त्यात कमीपणा नाही. फक्त एकाच प्रसंगावर वेगवेगळ्या लयीचे दोन-तीन तुकडे आलटून पालटून ठेवा, लॉकच्या आधी आठवडाभर सगळं बंद करून कट मुका पाहा, आणि संगीतकाराला आधी मुकी प्रतच द्या. टेम्प ऐकायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. त्यांच्याच जुन्या कामाचा टेम्प लावणं सौजन्याचं वाटतं, पण मग त्यांना स्वतःचीच नक्कल करायला बसवल्यासारखं होतं. ते मी तरी टाळेन.

वेळ हातात असेल तर मात्र पटकथा आधी पाठवा. माझ्या तिसऱ्या चित्रपटाचा मसुदा गेल्या महिन्यात बाईंकडे गेला. संकलक अजून ठरायचा आहे.