पोलो जीटी टीएसआय डीएसजी: स्टेज १ रिमॅप आणि गिअरबॉक्स ट्यून, वर्षभराहून जास्त वापरल्यावर

माझ्या पोलोच्या इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर, म्हणजे मॅप, मी बदलून घेतलं (यालाच रिमॅप किंवा ट्यून म्हणतात). आधी निकाल सांगून टाकतो. गाडी कंपनीतून आली होती त्याहून चालवायला कितीतरी चांगली झाली आहे. पण त्याचं निम्म्याहून जास्त श्रेय इंजिनच्या मॅपला नाही, गिअरबॉक्सच्या मॅपला जातं. ऑटोमॅटिक गाडीची ताकद वाढवायची असेल तर सुरुवात गिअरबॉक्सपासून करा. हे मुद्दाम लिहितोय, कारण ट्यूनरकडे, म्हणजे हे सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्याकडे, गेलं की सगळी चर्चा बीएचपीवर होते आणि बॉक्सचा विषय शेवटी, पैसे देताना निघतो.

गाडी २०१६ ची आहे. १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, १७५ एनएम टॉर्क आणि सात गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. या बॉक्सचा कोड डीक्यू२००. आत दोन ड्राय क्लच असतात आणि बॉक्सची ठरलेली क्षमता २५० एनएम आहे. हा २५० चा आकडा पाठ करून ठेवा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. स्टेज १ नंतर, म्हणजे पार्ट न बदलता फक्त सॉफ्टवेअर बदलल्यावर, माझी गाडी साधारण १३० पीएस आणि २२५ एनएमच्या आसपास आहे. म्हणजे बॉक्सला अजून थोडा श्वास आहे. मला स्टेज २ सुद्धा सुचवलं होतं: डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), मोठा इनटेक (हवा आत घेणारा मार्ग), सगळं पॅकेज. मी नको म्हटलं आणि आजही तेच म्हणेन. मॅन्युअलमध्ये क्लच घसरायला लागला तर मजबूत क्लच बसवून मोकळं होता येतं. इथे क्लचपॅक आणि मेकाट्रॉनिक (बॉक्सचं कंट्रोल युनिट) दोन्ही महाग, आणि मेकाट्रॉनिक बदलायची वेळ आली तर बिल लाखाच्या पुढे जातं.

सुरुवातीचे काही महिने फक्त ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, मॅप होता. हायवेवर मजा आली, खोटं कशाला बोलू. ऐंशीवरून एकशेवीसला जाताना पूर्वी ट्रकच्या बाजूला जो वेळ जायचा तो बराच कमी झाला. पण अर्धा एक्सिलरेटर दाबून गाडी जोर धरायला लागली की मध्येच कोणी लगाम खेचल्यासारखी अडायची. कारण साधं आहे. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला, म्हणजे टीसीयूला, टॉर्कची स्वतःची मर्यादा लिहिलेली असते. इंजिन त्यापुढे जातंय असं दिसलं की तो ईसीयूला सांगतो, कमी कर. इंजिन नवं बोलतंय आणि बॉक्स जुनंच ऐकतोय, अशी स्थिती.

टीसीयू ट्यून केल्यावर गाडी खऱ्या अर्थाने बदलली. मूळ सेटिंगमध्ये डी मोडला बॉक्स मायलेजसाठी घाईघाईने वर चढतो, साठ-सत्तरच्या वेगाला सातव्यात जाऊन बसतो. मग तुम्ही एक्सिलरेटर दाबलात की त्याला आधी विचार करावा लागतो. डीएसजीत १, ३, ५, ७ हे गिअर एका क्लचवर आणि २, ४, ६ दुसऱ्यावर असतात. सहाव्यातून पाचव्यात येणं क्षणाचं काम, कारण पाचवा दुसऱ्या क्लचवर तयार ठेवता येतो. सहाव्यातून थेट चौथ्यात यायचं तर दोन्ही गिअर एकाच क्लचवर, त्यामुळे जास्त वेळ लागतो. ओव्हरटेक करताना जो रिकामा क्षण जाणवतो तो बऱ्याचदा हाच. ट्यूनमुळे बॉक्सची रचना बदलत नाही, पण आता तो मुळात इतक्या लवकर वर जात नाही, त्यामुळे खाली यायचं अंतरच कमी पडतं.

याचा फरक मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो वाईहून पाचगणीला चढताना, पसरणी घाटात. वळणाच्या आधी ब्रेक मारला की बॉक्स दुसऱ्यात येतो आणि वळण संपेपर्यंत तिथेच थांबतो. पूर्वी वळणाच्या मध्यावर तिसरा टाकायचा, इंजिनचा आवाज पडायचा, आणि बाहेर पडताना पुन्हा दुसरा शोधत बसायचा. आता हाताने गिअर न बदलता, डी मध्येच, गाडी एका ओघात चढते. या एका गोष्टीसाठी मी टीसीयूचे पैसे पुन्हा देईन. ईसीयू आणि टीसीयू मिळून साठ हजारांच्या आसपास खर्च झाला.

ट्रॅफिकमध्ये मात्र काहीही सुधारत नाही. ड्राय क्लचला तेलाचा थंडावा नसतो. सिंहगड रोडला संध्याकाळी इंच-इंच सरकत राहिलात तर तो तापणारच, ट्यून असो वा नसो. पुढच्या गाडीशी अंतर ठेवायचं, जागा झाली की एकदाच पुढे जायचं, चढावर एक्सिलरेटरवर गाडी तोलायची नाही. ब्रेक नीट दाबून धरला की क्लच सुटतोच, त्यामुळे प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल करायची गरज नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ज्यांच्या गाडीला आधीच थरथर आहे त्यांनी रिमॅपचा विचारही करू नये. आधी क्लच तपासून घ्या.

पेट्रोलचं म्हणाल तर माझा मॅप ९५ ऑक्टेनसाठी लिहिलेला आहे. पुण्यात ते सहज मिळतं, कोकणात आत गेलं की नाही. तिथे साधं पेट्रोल भरावं लागलं तेव्हा इंजिनमधून नॉकिंगचा ठोक्यासारखा आवाज आला नाही, पण नॉक सेन्सरमुळे इग्निशनचं टायमिंग मागे घेतलं गेलं आणि वाढवलेली ताकद बरीचशी गायब झाली. मे महिन्याच्या उकाड्यातही तसंच होतं. या इंजिनचा इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा भाग) पाण्यावर चालतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे, त्यामुळे समोर मोठा इंटरकूलर लावून प्रश्न सुटत नाही. १०० ऑक्टेन पेट्रोल २०२० च्या डिसेंबरपासून पुण्यात आहे, पण त्याची किंमत पाहता आणि मॅप ९५ चा असताना ते ओतण्यात अर्थ नाही. स्पार्क प्लग नवे टाकले, गॅप थोडा कमी ठेवला. मायलेज हायवेला जवळपास पूर्वीइतकंच आहे, शहरात किंचित कमी.

टायर आणि ब्रेककडे दुर्लक्ष करू नका. या गाडीला मागे ड्रम आहेत. मी पुढे चांगले पॅड आणि नवं ब्रेक ऑइल टाकलं, आणि हे काम रिमॅपच्या आधी केलं. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पुढची चाकं आता सहज फिरतात. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) सांभाळून घेतं, पण झिजलेल्या टायरवर ही ताकद वापरू नये.

आता कागदपत्रांचं. वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांमध्ये बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की कंपनीच्या सिस्टीममध्ये टीडी१ अशी नोंद पडते आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी हातची जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबाबत कडक आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. विमा कंपनीला लेखी विचारा, तोंडी आश्वासनावर राहू नका.

एक गोष्ट फार मनाला लागली. एका सर्व्हिस सेंटरने मला न विचारता सॉफ्टवेअर अपडेट टाकलं आणि ईसीयूचा मॅप उडाला. गाडी घेऊन निघालो तेव्हा पहिल्याच उड्डाणपुलावर कळलं. ट्यूनरने तोच मॅप पुन्हा मोफत टाकून दिला. तेव्हापासून जॉबकार्डवर ‘सॉफ्टवेअर अपडेट करू नये’ असं लिहून घेतो, आणि सहीची प्रत फोनमध्ये ठेवतो.

करायचंच असेल तर मॅप टाकण्याआधी बॉक्स स्कॅन करून दोन्ही क्लचची अडॅप्टेशन व्हॅल्यू (क्लचच्या झिजेचा अंदाज देणारे आकडे) बघा आणि तो रिपोर्ट जपून ठेवा. बॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभराचं’ असतं असं सांगतात. मी तरीही बदलून घेतलं, कारण निघालेलं तेल काळपट होतं आणि नवं टाकायचा खर्च किरकोळ आहे. दर सर्व्हिसला तेच स्कॅन पुन्हा करतो. आतापर्यंत आकडे मर्यादेत आहेत, आणि ते सरकायला लागले तर मूळ मॅपवर परत जायची माझी तयारी आहे.