शाळेतला मोबाइल: दप्तरात बंद की सकाळीच जमा?

शाळेत मोबाइल असावा की नसावा, या प्रश्नाचा निर्णय घेणाऱ्या मुख्याध्यापकांपुढे प्रत्यक्षात तीन वाटा असतात: वर्गात मर्यादित वापराची मुभा देणे, मोबाइल बंद करून दप्तरात ठेवायला लावणे, किंवा सकाळी जमा करून घेऊन शाळा सुटताना परत देणे.

पहिल्या वाटेवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. २०२२ च्या पिसा या १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेतील सरासरी ६५ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले, की गणिताच्या निदान काही तासांना डिजिटल उपकरणे वापरताना त्यांचे लक्ष उडते.

खरी तुलना उरलेल्या दोन वाटांची आहे. दप्तरात बंद ठेवण्याच्या नियमाला खर्च नाही, कपाटे लागत नाहीत आणि शाळा सुटताच मुलाचा घरी संपर्क होतो. मात्र नियम पाळून घेण्याचे सगळे ओझे प्रत्येक शिक्षकावर पडते. एक जण काणाडोळा करतो, दुसरा मोबाइल काढून घेतो आणि त्या वादात तास निघून जातो. शिवाय मधल्या सुट्टीत मोबाइल बाहेर येतोच, आणि मुले एकमेकांशी बोलायला, खेळायला शिकतात ती वेळ नेमकी तीच असते. फ्रान्सने २०१८ च्या कायद्याने माध्यमिक शाळेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत वापराला बंदी घातली, तरीही २०२४ मध्ये सुमारे २०० शाळांत मोबाइल दिवसभर बाजूला ठेवून घेण्याचा प्रयोग सुरू करावा लागला, हे मला फार बोलके वाटते.

जमा करण्याच्या पद्धतीत सकाळची काही मिनिटे जातात, आणि मोबाइल हरवला किंवा फुटला तर भरपाई कोणाची, हे आधीच लेखी ठरवावे लागते. तरीही माझा कौल याच पद्धतीला आहे. इंग्लंडमधील चार शहरांतील शाळांच्या २०१५ च्या अभ्यासात बंदीनंतर अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण सर्वाधिक वाढलेले दिसले, आणि शाळेने आधी विचार करायचा तो याच मुलांचा. मानसिक आरोग्य सुधारेल, असे आश्वासन मात्र पालकांना देऊ नये. बर्मिंगहॅमच्या संशोधकांना २०२५ मध्ये मोबाइलवर बंधने असलेल्या आणि नसलेल्या अशा एकूण ३० शाळांची तुलना करताना तसा फरक आढळला नाही.

तातडीच्या निरोपासाठी कार्यालयातला फोन पुरतो. मधुमेहाच्या ज्या मुलांचा साखर मोजणारा सेन्सर मोबाइलला जोडलेला असतो, त्यांची सवलत नियमातच लिहिलेली असावी, म्हणजे त्यांना रोज सगळ्या वर्गासमोर परवानगी मागावी लागणार नाही.