फायरवॉलचा वेगळा डबा घ्यावा की विंडोजचीच पुरे? नौपाड्यातल्या ऑफिसात आठ महिने वापरल्यावर

ठाण्यात नौपाड्याला आमचं सीएचं छोटं ऑफिस आहे. सहा डेस्कटॉप, तीन लॅपटॉप, एक प्रिंटर आणि डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र. दिवाळीनंतर फायरवॉलचा, म्हणजे इंटरनेट आणि ऑफिसच्या मध्ये बसून कोणाला आत सोडायचं ते ठरवणारा, डबा बसवला, आता रिटर्नची जुलैची धावपळ चालू आहे.

डबा घ्यायची वेळ का आली, ते आधी सांगतो. लॉकडाऊनमध्ये सरांना घरून टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडता यावं म्हणून इंटरनेटवाल्याच्या माणसाने राउटरवर 3389 हे रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट, म्हणजे बाहेरून मशीन चालवता येण्याचं दार, उघडून दिलं. लॉकडाऊन संपला, पोर्ट तसंच राहिलं. एकदा सहज त्या मशीनचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला, तर 4625 क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदींची रांगच रांग. रविवारी, रात्री दोन वाजता सुद्धा. रात्री दोनला आमच्याकडे कोणी काम करत नाही, सप्टेंबर सोडला तर. विंडोजची, म्हणजे त्या एका मशीनपुरती, फायरवॉल तेव्हाही चालूच होती. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 पासून, म्हणजे 2004 पासून, ती आपोआप चालू असते. पण दार आपणच उघडं ठेवल्यावर ती बिचारी काय करणार?

दोन कोटेशनं मागवली. तयार डबे चांगले, पण लायसन्स दरवर्षी भरायचं. ते संपलं की वेबसाइट फिल्टर आणि नव्या धोक्यांच्या याद्या बंद. शेवटी नेटवर्क केबल लावायच्या चार खाचांचा, पंखा नसलेला मिनी पीसी घेतला आणि त्यावर ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकलं. ते फुकट आहे, 2015 मध्ये पीएफसेन्स या तशाच सॉफ्टवेअरमधून वेगळं झालेलं. फुकट म्हणजे माझे दोन रविवार गेले, ते वेगळे.

सोमवारी सकाळी बोंब. प्रिंटर दिसेना, टॅलीचा डेटा उघडेना. आर्टिकलची, म्हणजे सीएचं काम शिकणारी, पोरं खूश, आम्ही घामाघूम. झालं होतं असं, की गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, आता राउटरऐवजी डबा झाल्यामुळे विंडोजला हे नवं नेटवर्क वाटलं, त्याने ते ‘पब्लिक’ ठरवलं आणि शेअरिंग बंद केलं. प्रत्येक मशीनवर जाऊन ‘प्रायव्हेट’ केलं, अर्ध्या तासात मिटलं. अडवलं होतं विंडोजच्या फायरवॉलने, शिव्या खाल्ल्या डब्याने.

डब्याचे पैसे खरे वसूल झाले ते डीव्हीआरवर. कॅमेरेवाल्यानेही मोबाइलवर दिसावं म्हणून स्वतःचं एक पोर्ट उघडून ठेवलं होतं, आम्हाला न सांगता. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर पकडून मोठमोठ्या साइट पाडल्या होत्या. आता आमचा डीव्हीआर डब्याच्या वेगळ्या खाचेत लावलाय. ऑफिसची मशीन त्याला दिसतच नाहीत. 3389 बंद. सर वायरगार्डने, म्हणजे व्हीपीएनच्या सुरक्षित वाटेने, आत येतात. हे काम मशीनवरच्या फायरवॉलने जमलं नसतं, कारण डीव्हीआरवर आपण काही इन्स्टॉल करू शकत नाही.

पण डबा आला म्हणून आतली फायरवॉल बंद करायचा सल्ला एका ‘जाणकारा’ने दिला, तो मी कानाआड केला. ऑफिसातली मशीन जोडणाऱ्या एकाच नेटवर्क स्विचवरच्या दोन मशीनमधला डेटा डब्यापर्यंत जातच नाही. 27 जून 2017 ला नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि इथे आपल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनल अडकलं, ते आठवतं? तो व्हायरस एका मशीनवरून दुसऱ्यावर आतल्या आत पसरणारा होता. तिथे उपयोग मशीनवरच्या फायरवॉलचाच, आणि वेळेवर टाकलेल्या अपडेटचा. शिवाय आमचे लॅपटॉप ऑडिटला वागळे इस्टेटला जातात, क्लायंटच्या वायफायवर बसतात. डबा नौपाड्यातच.

एक अपेक्षाभंगही झाला. मार्चमध्ये एका पोराने ‘आयकर परतावा’ म्हणून आलेल्या मेलमधली फाइल उघडली. डब्याने ती निमूट आत सोडली, कारण मेलची वेबसाइट एन्क्रिप्टेड. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. ते बघायचं तर प्रत्येक मशीनवर डब्याचं सर्टिफिकेट टाकावं लागतं, मग तो सगळंच उघडून बघतो, आणि बँकेची पानं त्यातून नेणं मला पटत नाही. फाइल पकडली ती मशीनवरच्या अँटिव्हायरसने.

बारीकसारीक तक्रारी: पंखा नसल्याने डबा भलता तापतो. फायलींच्या कपाटात ठेवला होता, एप्रिलच्या उकाड्यात दोनदा बंद पडला. आता भिंतीवर, उघड्यावर आहे. लाइट गेली की सगळ्या ऑफिसचं इंटरनेट या एका डब्यावर अडतं, म्हणून यूपीएस हवाच. आणि लॉग, म्हणजे डब्याच्या नोंदी, बघायला माणूस हवा. मी शनिवारी चहाबरोबर बघतो. सीझनमध्ये तेही राहून जातं, खोटं कशाला बोलू.

घरी दोन लॅपटॉप असतील तर डब्याच्या भानगडीत पडू नका. राउटरचा पासवर्ड बदला, उघडी पोर्ट बंद करा, विंडोजची फायरवॉल चालू ठेवा. ऑफिसात कॅमेरे, टॅली आणि घरून काम करणारे सर असतील, तर घ्या.

गेल्या आठवड्यात कॅमेरेवाला एएमसीला आला होता. म्हणाला, “साहेब, मोबाइलवर कॅमेरे डायरेक्ट दिसत नाहीयेत. पोर्ट उघडून देऊ?” चहा पाजून पाठवला.