चित्र दाखवायचं की कृती विचारायची?

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यावरून स्मृतिभ्रंशाची चाहूल घ्यायची, तर आधी ठरवावं लागतं त्यांना कशावर बोलतं करायचं. चित्राचं वर्णन किंवा ओळखीच्या कामाची कृती, हे दोनच पर्याय इथं घेतो. मिनिटभरात प्राण्यांची नावं सांगायची चाचणी सोबतीला चांगली, पण घरात घेतली की शेजारी बसलेली सून "म्हस सांगा की" म्हणते आणि मोजणी तिथंच फसते.

चित्राची बाजू भक्कम आहे. १९७२ च्या बोस्टन चाचणीतलं (मेंदूच्या इजेनं बोलण्यात येणारे दोष तपासायची चाचणी) बिस्किटचोरीचं चित्र जगभर चालतं : सिंक भरून वाहतंय, बाई ताटली पुसतेय, स्टुलावर चढलेला पोरगा बरणीत हात घालतोय आणि स्टूल कलंडतंय. सगळ्यांपुढं तेच चित्र, म्हणून कुणाचं काय सुटलं ते ताडून बघता येतं. बोलण्यावरून अल्झायमर ओळखायच्या, संशोधकांसाठीच्या २०२० च्या 'ॲड्रेस' स्पर्धेतल्या १५६ जणांच्या ध्वनिफितीही याच चित्राच्या. तुमची फीत संशोधकाकडं जाणार असेल तर चित्रच घ्या.

अडचण डोळ्यांची आहे. जत-आटपाडीकडं सत्तरीतल्या माणसाला मोतीबिंदू असणं नवलाचं नाही, आणि चष्मा बऱ्याचदा कपाटात असतो. आजी कागदाकडं बघत चार सेकंद गप्प बसल्या, तर शब्द सापडेना म्हणून की दिसेना म्हणून, हे फितीवरून कळत नाही. आपल्याला मोजायची असते ती नेमकी ही शांतता. माझं मत इथंच फिरलं.

कृतीला डोळे लागत नाहीत. बाईमाणसाला पुरणपोळी विचारा, तासगाव-सांगलीकडच्या शेतकऱ्याला हळद काढण्यापासून पॉलिशपर्यंत. टप्पे आधी लिहून ठेवा : डाळ शिजवणं, येळवणी (शिजल्या डाळीचं पाणी) काढणं, गूळ घालून आटवणं, वाटणं, कणीक मळणं, भरणं, लाटणं, भाजणं. मग ऐका. "डाळ शिजली की ते काढायचं... ते हे... पाणी, काय म्हणत्यात त्याला... आन् मग ते त्यात घालायचं." येळवणी हा जन्मभर तोंडात असलेला शब्द निसटला आणि त्याच्या जागी 'ते' आलं. दोन टप्प्यांमधलं थांबणं साधं असतं. वाक्याच्या मध्ये, नामाच्या अलीकडचं थांबणं मोजा. मी दोन सेकंदांवरचं धरतो. एकच टप्पा पुन्हा सांगितला तर तेही टिपा.

फोन तोंडापासून वीतभर लांब, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. पंखा बंद, कुकर उतरवलेला. पंख्याची घरघर शांतता भरून टाकते आणि आवाजाच्या पातळीवर थांबे शोधणारं सॉफ्टवेअर चुकतं. दोन मिनिटं पुरतात, मध्ये फक्त एकदा "अजून काही?" विचारा. लिहून हातानंच काढा. फोनचं बोलून टाइप करणं बऱ्याचदा 'ते हे' आणि अडखळणं गाळतं, 'म्हणत्यात'चं 'म्हणतात' करतं. म्हणजे खूणच पुसली जाते.

कृतीत एक खोट आहे, ती मान्य करायला हवी. तोंडपाठ झालेलं काम घसरण सुरू झाल्यावरही सरळ सांगितलं जाऊ शकतं. म्हणून शेवटी वाट मोडणारा प्रश्न घाला : "पुरण सैल झालं तर?" किंवा "हळद शिजली हे कसं ओळखायचं?" इथं पाठांतर कामी येत नाही.

दोन माणसांच्या कृतींची तुलना मात्र करू नका. माणसाची त्याच्याशीच करा. एक फीत शिमग्याला, एक दसऱ्याला, सकाळच्या वेळी, कवळी आणि कानाचं यंत्र लावून. फरक दिसला तर त्याला निदान समजू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही बोलणं मंदावतं आणि त्यांवर उपचार होतात. दोन्ही फिती आणि लिहून काढलेले कागद घेऊन डॉक्टरांकडं जा. बदल अचानक, दोन-चार दिवसांत झाला असेल तर दसऱ्याची वाट न बघता त्याच दिवशी.