मोबाईल स्टार्टर, आठ महिन्यांनंतर (एक स्टार दिला होता, आता बदलतोय)

गुहागरजवळ आमची पोफळीची वाडी खाली किनाऱ्यापाशी, टॉवर समोरच. घर मात्र डोंगराच्या पोटात, मोबाईलला रेंज शून्य, म्हणून वाडीतल्या पाण्याच्या पंपाची मोटर मी घरातल्या जुन्या लँडलाईननेच चालवतो. मोटर फोनवरून चालू-बंद करणारा हा स्टार्टर कसा चालतो ते सगळ्यांना माहीतच आहे, फोन लावा, बाई बोलते, एक दाबला की चालू, दोन दाबला की बंद.

सहा महिने एकदम मस्त. मग ऐन मे महिन्यात, शिपणं चुकलं तर पोफळी करपतात अशा दिवसांत, एक दाबतोय दाबतोय आणि बाई आपली तेच पालुपद म्हणतेय. सर्व्हिसवाला आला, वाडीत उभा राहून स्वतःच्या मोबाईलवरून एक दाबला, मोटर चालू! "काका, मशीन ओके आहे." सहाशे रुपये व्हिजिट चार्ज. त्याच रात्री रागाने एक स्टार टाकला.

पंधरा दिवसांनी नंबर फिरवताना लक्षात आलं, आपला फोन हल्ली टूं टूं न करता कट-कट-कट करतोय. उचलून बघितला तर बुडाशी टी आणि पी असं लिहिलेला नखाएवढा खटका, हिने फोन पुसला तेव्हा पी वर सरकलेला. पी म्हणजे पल्स, जुन्या चकतीच्या फोनसारखं, पाच दाबलं की लाईन पाच वेळा तुटते, शून्याला दहा वेळा, आणि ते एक्सचेंज मोजतं. आमचं एक्सचेंज अजून मोजतं म्हणून तर कॉल लागत होता! पण स्टार्टरला हवा टोन, म्हणजे खटक्यावरचा टी. 1963 साली अमेरिकेत सुरू झालेली ही पद्धत, प्रत्येक बटणाला एकदम दोन सूर, एक आडव्या ओळीचा, एक उभ्या. एक म्हणजे 697 आणि 1209 हर्ट्झ, दोन म्हणजे 697 आणि 1336. दोन अशासाठी की माणसाच्या बोलण्याला मशीन चुकून बटण समजू नये. मी रिसीव्हरमध्ये शिट्टी मारून पण बघितली, मोटर ढिम्म, आणि ही दारात उभी राहून बघतेय.

तर मशीनला चार स्टार. पाचवा कापला कारण माहितीपत्रकात या खटक्याबद्दल एक ओळ नाही. खटक्यावर आता चिकटपट्टी लावलीय. सहाशे परत मागायला कस्टमर केअरला फोन केला तर तिथेही बाईच, "तक्रारीसाठी तीन दाबा". दाबला, टी वरून. अजून होल्डवरच आहे.