रसायनशास्त्रासाठी कॉलेज: मोठं विद्यापीठ की छोटं महाविद्यालय?

रँकिंग आधी बाजूला ठेवा. ते बहुतेक शोधनिबंध आणि पीएचडीच्या जोरावर ठरतं. पहिल्या वर्षाच्या वर्गाशी त्याचं नातं जेमतेम. खरी निवड दोनांत आहे: पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी गजबजलेलं संशोधन विद्यापीठ, की फक्त पदवीपर्यंत शिकवणारं छोटं महाविद्यालय.

विषयांच्या बाबतीत मोठं विद्यापीठ सरस, वादच नाही. छोट्या ठिकाणी वरचे कोर्स कधीकधी वर्षाआड लागतात. भौतिक रसायनशास्त्राआधी लागणारं कॅल्क्युलस वेळेत झालं नाही आणि तो कोर्स हुकला, की पदवीच लांबते. एखादे प्राध्यापक वर्षभराच्या रजेवर गेले, तर इनऑरगॅनिकचा प्रगत कोर्स गायब. म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नका, मागच्या दोन वर्षांचं प्रत्यक्ष वेळापत्रक मागून घ्या.

माझं घोडं पेंड खातं ते एनएमआरपाशी, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखणाऱ्या यंत्रापाशी. मोठ्या विभागात 400 किंवा 600 मेगाहर्ट्झचं यंत्र असतं, पण पदवीच्या मुलांच्या हाती अनेकदा येतो तो छापील स्पेक्ट्रम (यंत्राने काढलेला शिखरांचा आलेख), तोही दुसऱ्याच कोणाच्या शुद्ध नमुन्याचा. स्वतः 5 ते 10 मिलिग्रॅम पदार्थ 0.6 मिलिलिटर ड्यूटेरेटेड (हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेल्या) क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून नळी भरा, म्हणजे आलेखाच्या आडव्या मापावर 2.17 पीपीएमला एक आगंतुक शिखर उगवतं: नळी ॲसिटोनने धुतली, पण वाळवली नाही. 1.56 ला पाणी. द्रावणाची उंची 4 सेंटिमीटरपेक्षा कमी राहिली किंवा तळाशी न विरघळलेले कण राहिले, की शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) जमत नाही आणि शिखरं पसरट येतात. छापील कागदावर यातलं काहीच दिसत नाही.

छोट्या महाविद्यालयात कदाचित 60 किंवा 80 मेगाहर्ट्झचं टेबलावरचं यंत्र मिळेल. त्यावर शिखरं एकमेकांवर चढतात, हे मान्य. कपलिंग, म्हणजे शेजारच्या हायड्रोजनमुळे फुटलेल्या शिखरांमधलं अंतर, हर्ट्झमध्ये तेवढंच राहतं, पण एक पीपीएम 400 ऐवजी 80 हर्ट्झचाच उरतो. तरी त्याचं चुंबक थंड ठेवायला द्रव हीलियम लागत नाही, पुढे पीएचडीवाल्यांची रांग नसते, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही त्यावर बसवता येतं. सगळीच मोठी विद्यापीठं हात आखडता घेतात असं नाही. काही ठिकाणी दुसऱ्या वर्षापासून संशोधन गटात घेतात, अशी मिळाली तर यादीत जरूर ठेवा. एरवी माझं पारडं छोट्याकडे झुकतं.

अमेरिकन केमिकल सोसायटी किंवा रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीची मान्यता असेल, तर प्रयोगशाळेच्या किमान तासांची अट तरी पाळलेली असते. पण ते तास कसे जातात, हे तिथे जाऊनच कळतं. ऑर्गॅनिकचं प्रात्यक्षिक तीन तासांचं की चारचं? तीनात मुलं गरम द्रावण थेट बर्फात ठेवतात, स्फटिक घाईने पडतात आणि अशुद्धी आत अडकते. एका फ्यूम हूडमागे (घातक वाफा ओढून घेणारं कपाट) किती जण उभे असतात, तेही मोजा. आणि प्राध्यापकांना नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून विचारा: ‘शेवटचा स्पेक्ट्रम तू स्वतः कधी काढलास?’