अर्धवेळ प्राध्यापकांचे ‘ऑफिस अवर्स’: तासावर पैसे की सत्राला ठोक रक्कम?

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत (मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी सरकारी कॉलेजे) अर्धवेळ प्राध्यापकाला एका कॉलेज-जिल्ह्यात, म्हणजे एका प्रशासनाखालच्या कॉलेजांत, पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त अध्यापन घेता येत नाही. म्हणून अनेकजण दोन-तीन जिल्ह्यांत शिकवतात आणि वर्ग सुटला की पुढच्या कॉलेजकडे गाडी काढतात. विद्यार्थ्याची शंका मग पार्किंगमध्येच उरकते. वर्गाबाहेरच्या शंका-समाधानाच्या तासांचे, म्हणजे ‘ऑफिस अवर्स’चे, पैसे द्यायला राज्याचा कार्यक्रम आहे. जिल्ह्याच्या खर्चाचा काही भाग राज्य परत करते, पण दर आणि पद्धत जिल्हा व प्राध्यापक संघटनेच्या वाटाघाटीत ठरते.

पहिली पद्धत तासांची: जितके तास बसलात, तितक्यांची नोंद आणि तितकेच पैसे. इथे वेळ जाहीर असते. नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते की बाई मंगळवारी पाच वाजता भेटणारच. हिशेबही स्वच्छ राहतो. कटकट एवढीच की दर महिन्याला तक्ता भरा, आणि परीक्षेच्या आठवड्यात रांग लागली तरी मंजूर तासांपुढचे काम फुकट.

ठोक रकमेत कागद कमी, ईमेल किंवा व्हिडिओ कॉलवर वेळ विभागायची मोकळीक जास्त. पण ती रक्कम हळूहळू पगाराचाच भाग वाटू लागते आणि दिलेला वेळ कुणी मोजत नाही.

मी तासांच्या बाजूने आहे. मात्र त्यासोबत बसायला खोली हवी. सामायिक टेबलावर विद्यार्थी नापास होण्याची भीती मोकळेपणाने बोलत नाही.